क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सुरक्षेवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

‘प्रस्तावित पद्धत सुरक्षित आहे.’ एमटेक किंवा पीएचडीच्या प्रबंधात हे वाक्य दिसलं की परीक्षकाने एवढंच विचारावं: कोणापासून? हल्लेखोराला काय दिसतं, काय बदलता येतं, चोरलेलं कार्ड किंवा एखादं मूळ चित्र त्याच्या हाती आहे का, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर मागचे सगळे तक्ते आणि आलेख शोभेचे ठरतात. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. विद्यार्थी आपली पद्धत डझनभर चाचण्यांतून पार करतो, पण त्यातली एकही चाचणी ती मोडायला निघालेली नसते.

चित्र ओळखू येत नाही, म्हणून सुरक्षित?

सगळ्यात लाडक्या विषयापासून सुरुवात करू: केऑस, म्हणजे सुरुवात जरा बदलली की पार वेगळी मालिका देणारं गणित, वापरून चित्राचं एन्क्रिप्शन. कृती ठरलेली आहे. लॉजिस्टिक मॅप या केऑसच्या साध्या सूत्रातून आकड्यांची मालिका काढायची, तिच्यानुसार पिक्सेलांच्या जागा बदलायच्या, मग पिक्सेल त्या मालिकेशी एक्सॉर करायचे, म्हणजे बिटागणिक मिसळायचे. हिस्टोग्राम सपाट येतो, एन्ट्रॉपी (बाइटांतली अनिश्चितता, कमाल ८) ७.९९ च्या पुढे जाते, एनपीसीआर (मूळ चित्रातला एक पिक्सेल बदलल्यावर एन्क्रिप्ट केलेल्या चित्रातले किती पिक्सेल बदलतात) ९९.६१ आणि यूएसीआय (ते सरासरी किती बदलतात) ३३.४६ टक्के निघतो. तक्त्यात आधीच्या शोधनिबंधांच्या ओळी आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, आपली.

एनपीसीआरचा हा आकडा येतो कुठून ते पाहा. दोन चित्रं पूर्णपणे यादृच्छिक असली, तर एखाद्या जागचा पिक्सेल योगायोगाने सारखा निघण्याची शक्यता २५६ मध्ये १. उरले २५५, म्हणजे ९९.६०९४ टक्के. तेव्हा ९९.६२ हा ९९.६० पेक्षा ‘सरस’ नाही. दोन्ही त्याच आकड्याभोवतीचे चढउतार आहेत. तरीही दुसऱ्या दशांश स्थळावरून पहिला नंबर जाहीर करणारे निबंध छापून येतात.

या चाचण्या किती भाबड्या आहेत ते एका संध्याकाळी तपासता येतं. पायथनचं साधं ‘रँडम’ मॉड्यूल घ्या. गुप्त किल्ली आणि चित्राचा हॅश (बोटाच्या ठशासारखा आकडा) मिळून त्याला सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, द्या, बाहेर पडणारे बाइट चित्राशी एक्सॉर करा. हिस्टोग्राम, एन्ट्रॉपी, एनपीसीआर, यूएसीआय, सगळं झकास येईल. पण या मॉड्यूलच्या आत मर्सेन ट्विस्टर हे आकडे काढणारं सूत्र आहे, आणि त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती आले की त्याची पूर्ण अंतर्गत स्थिती काढता येते. ६२४ आकडे म्हणजे २,४९६ बाइट. ५१२ पिक्सेल रुंदीच्या करड्या चित्राच्या पहिल्या ५ ओळी कुणाला ठाऊक असल्या, तर उरलेलं अख्खं चित्र त्याच्यासमोर उघडं पडलं. तक्ता मात्र तसाच देखणा. निस्ट या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या १५ सांख्यिकी चाचण्यांबद्दलही हेच लक्षात ठेवा: त्यात नापास होणं वाईट, पण पास झाल्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही.

या विषयात हमखास येणाऱ्या दोन अडचणीही सांगतो. एका लॅपटॉपवर एन्क्रिप्ट केलेलं चित्र दुसऱ्यावर उघडत नसेल, तर कोडमध्ये बग शोधत बसण्याआधी दशांश (फ्लोटिंग पॉइंट) गणित तपासा. कंपायलरने गणिताचा क्रम जरा बदलला की शेवटचा बिट बदलतो, आणि केऑसचा स्वभावच असा की तेवढ्यावरून पुढची मालिका पार वेगळी होते. दुसरी अडचण किल्लीची. ‘पॅरामीटर ३.५७ ते ४ मध्ये कुठलाही’ असं बेधडक लिहिलेलं असतं. त्याच पट्ट्यात ३.८३ च्या आसपास लॉजिस्टिक मॅप तीनच आकड्यांत फिरत राहतो. अशी किल्ली निवडली गेली तर एन्क्रिप्शन नावापुरतंच.

‘एईएस चित्रांसाठी योग्य नाही’ हे प्रस्तावनेतलं वाक्य तर काढूनच टाका. एईएस हा सगळीकडे वापरला जाणारा प्रमाणित सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत; आणि चित्र म्हणजे बाइटच. लिनक्सच्या पेंग्विनचं ते प्रसिद्ध चित्र एन्क्रिप्शननंतरही ओळखू येतं, तो दोष ईसीबी मोडचा; त्यात सारखे तुकडे सारखेच एन्क्रिप्ट होतात. सीटीआर किंवा जीसीएम हे मोड वापरा, पेंग्विन दिसणार नाही. वेगाचं म्हणाल, तर २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांत एईएससाठी वेगळ्या सूचना यायला लागल्या. पायथनमध्ये हाताने लिहिलेल्या एईएसशी स्वतःच्या सी भाषेतल्या सायफरची शर्यत लावून जिंकणं हा विजय नव्हे.

माझं स्पष्ट मत आहे की एमटेकच्या दोन वर्षांत नवा सायफर बनवायला जाऊच नये. छापून आलेला एखादा घ्या आणि तो मोडून दाखवा. त्यातून जास्त शिकायला मिळतं आणि निकालही वादातीत असतो. कसलेल्या लोकांचंही काय होतं बघा: एसआयडीएच ही दोघांत गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत २०११ ची, तिच्यावर उभारलेली साइक निस्टच्या क्वांटमोत्तर (क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा पद्धतींच्या) निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोचली. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी तिच्या पॅरामीटरांचा सर्वांत लहान संच प्रोसेसरच्या एकाच कोअरवर तासाभरात फोडला. अकरा वर्षं तज्ज्ञांनी पारखलेल्या पद्धतीची ही गत झाली.

९९.८ टक्के अचूकता आली की आधी घाबरा

नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारं मशीन लर्निंग हा दुसरा लोकप्रिय विषय, आणि त्यातला केडीडी ९९ हा डेटासेट काही केल्या निवृत्त होत नाही. एमआयटीच्या लिंकन लॅबने १९९८ मध्ये कृत्रिम नेटवर्कवर तयार केलेल्या रहदारीतून तो काढला आहे. २००९ मध्ये झालेल्या विश्लेषणात प्रशिक्षण संचातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणी संचातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी दुबार निघाल्या. दुबार नोंदी काढून एनएसएल-केडीडी आला खरा, पण रहदारी १९९८ चीच राहिली. त्याच मालिकेतल्या १९९९ च्या डेटाची तऱ्हा आणखी मजेदार: हल्ल्याच्या पॅकेटांत टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) १२६ किंवा २५३, साध्या पॅकेटांत बहुधा १२७ किंवा २५४. मॉडेल हल्ला ओळखायला शिकत नव्हतं, प्रयोगशाळेतली मांडणी ओळखायला शिकत होतं.

म्हणून अचूकता फार चांगली आली की दोन-तीन पातळ्यांचा साधा डिसिजन ट्री चालवून बघा. त्यालाही ९९ टक्के मिळाले तर तुमच्या डीप लर्निंगचं त्यात काही कर्तृत्व नाही. उत्तर एखाद्या रकान्यात आधीच लिहिलेलं आहे. बहुतेक वेळा तो रकाना आयपी पत्ता, पोर्ट किंवा वेळेचा असतो. तिथे काही सापडलं नाही, तर स्केलिंग आणि स्मोट (कमी नोंदींच्या गटात कृत्रिम नोंदी घालणं) हे डेटा विभागण्याआधी केलं होतं का ते बघा. आणि विभागणी सरसकट पत्ते पिसल्यासारखी करू नका. एकाच हल्ल्याचे हजारो फ्लो (एकेका जोडणीतल्या पॅकेटांच्या नोंदी) दोन्हीकडे वाटले गेले की परीक्षेत पाहिलेलेच प्रश्न येतात. आधीच्या काळावर शिकवा, नंतरच्या काळावर तपासा. आकडा धाडकन खाली येईल. तोच प्रबंधात लिहा. सीआयसीआयडीएस २०१७ हा नंतरचा डेटासेट वापरत असाल, तर त्यातल्या फ्लो बांधणीच्या आणि लेबलांच्या चुका २०२१ मध्ये दाखवल्या गेल्या आहेत. दुरुस्त केलेली आवृत्ती घ्या.

टक्केवारीत एक जुनाच सापळा दडलेला आहे, आक्सेलसन यांनी तो १९९९ मध्येच मांडला होता. समजा दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यात १०० हल्ले आहेत. तुमचं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि फक्त १ टक्का साध्या जोडण्यांवर खोटी घंटा वाजवतं. म्हणजे ९९ खऱ्या सूचना आणि जवळपास १०,००० खोट्या. शंभरातली एक सूचना खरी. नेटवर्क सांभाळणारा माणूस आठवड्याभरात ती घंटा बंद करून टाकेल. तेव्हा अचूकतेऐवजी प्रिसिजन (दिलेल्या सूचनांतल्या किती खऱ्या) द्या, आणि तीही रहदारीच्या खऱ्या प्रमाणात.

अविस्पाने ‘सेफ’ म्हटलं

आयओटी किंवा स्मार्ट कार्डासाठी प्रोटोकॉल सुचवणाऱ्या प्रबंधात शेवटी अविस्पा या प्रोटोकॉल आपोआप तपासणाऱ्या साधनाच्या निकालाचा स्क्रीनशॉट असतो: ‘सेफ’. हा शब्द किती सहज मिळवता येतो ते माहीत हवं. लिहिण्यातल्या चुकीने प्रोटोकॉल दुसऱ्या संदेशापुढे सरकतच नसेल, तरी उत्तर ‘सेफ’. एचएलपीएसएल या अविस्पाच्या भाषेत गुपित जाहीर करायचं राहिलं, किंवा उद्दिष्टांच्या यादीत घालायचं राहिलं, तरी ‘सेफ’. जे तपासायला सांगितलंच नाही ते मोडणार कसं?

आधी स्पॅन या अविस्पाच्या जोड साधनात प्रोटोकॉल एकेक पाऊल चालवून तो शेवटपर्यंत जातो का ते बघा. मग मुद्दाम एक खोटं उद्दिष्ट टाका: उघड्यावर पाठवलेली गोष्ट गुप्त आहे असं सांगा. तरीही ‘सेफ’ आलं तर मॉडेलच बिघडलेलं आहे. आणि सत्रांच्या यादीत हल्लेखोराला जागा द्या. नीडहॅम-श्रोडरचा सार्वजनिक किल्लीचा प्रोटोकॉल १९७८ चा; त्यातली फट गॅव्हिन लोव यांनी दाखवली ती १९९५ मध्ये. त्या हल्ल्यात लबाड माणूस बाहेरचा नसतो. तो रीतसर सदस्य असतो आणि पहिला पक्ष आपणहून त्याच्याशी बोलायला लागतो. तुमच्या फाइलमध्ये फक्त ‘ए’ आणि ‘बी’चं सत्र असेल, तर हा हल्ला त्या साधनाला कधीच सापडणार नाही. अनेक प्रबंधांत तसंच असतं.

प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन ही याच कामाची साधनं शिकायला वेळ लागतो, पण तिथे सत्रांच्या संख्येला मर्यादा नसते. पीएचडी असेल तर तो वेळ द्याच.

थोडक्यात आणखी काही

एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये ब्लॅकहोल (पॅकेट गिळून टाकणाऱ्या नोडचा) हल्ला दहादा चालवला आणि दहाही वेळा अगदी तेच आकडे आले, तर ते स्थैर्य नव्हे. तिथे सीड आणि रन क्रमांक मुळात ठरलेले असतात. दर वेळी ‘आरएनजीरन’ बदला, आणि सरासरीबरोबर विश्वास अंतरालही द्या. रँडम वेपॉइंट या नोड हलवण्याच्या मॉडेलमध्ये किमान वेग शून्य ठेवू नका; नोड हळूहळू मंदावत जातात आणि सिम्युलेशनच्या सुरुवातीचे व शेवटचे आकडे तुलना करण्याजोगे राहत नाहीत.

किल्ल्या बनवताना पायथनमध्ये ‘सिक्रेट्स’ मॉड्यूल वापरा. ‘रँडम’चं काय होतं ते वर आलंच आहे.

नियतकालिक निवडताना ‘यूजीसी-केअर’चा शिक्का बघून पैसे भरू नका, ती मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आयएसीआर या आंतरराष्ट्रीय क्रिप्टोग्राफी संघटनेच्या ई-प्रिंट संग्रहावर निबंध दिसला म्हणजे तो तज्ज्ञांनी तपासला असंही नाही. परिषदेत जायचं असेल तर इंडोक्रिप्ट ही भारतातली क्रिप्टोग्राफीची परिषद बघा. २००० पासून भरते, २०२३ मध्ये तर आपल्या गोव्यात भरली होती. तिथले स्वीकारलेले निबंध वाचले तरी कुठल्या दर्जाचं काम लागतं ते कळतं.

राहिला परवानगीचा प्रश्न. कॉलेजचं किंवा वसतिगृहाचं वाय-फाय ही तुमची प्रयोगशाळा नाही. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि त्यात बेइमानीचा हेतू दिसला तर कलम ६६ लागतं. मार्गदर्शकांची तोंडी हो पुरत नाही. नेटवर्क ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घ्या, त्यात तारखा आणि आयपी पत्त्यांची मर्यादा लिहून घ्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नेलच्या देखरेखकर्त्यांना न सांगता, त्यांची तपासणी किती पक्की आहे ते पाहायला, मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. २०२१ मध्ये कर्नेलने विद्यापीठाकडून येणाऱ्या योगदानावरच बंदी घातली आणि त्या संशोधकांना त्यांचा निबंध मागे घ्यावा लागला.

एखाद्या चालू प्रणालीत खरीच फट सापडली, तर ती आधी उत्पादकाला आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. ती दुरुस्त होईपर्यंत प्रबंधातल्या त्या प्रकरणातून उत्पादनाचं नाव आणि हल्ल्याचा कोड बाहेर ठेवा. सादरीकरणाची तारीख जवळ आली असेल तर मार्गदर्शकांना हे आत्ताच सांगा, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.