परसातल्या तळ्यापाशी शिकलेलं: ऑनलाइन विषय निवडताना या चुका टाळा

आमच्या परसातलं तळं आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल. गुणाकार केला तर ऐंशी घनफूट, म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर पाणी. हा गुणाकार मी मासे आणल्यावर केला. दुकानात लाल-पांढरे कोई बघितले आणि सहा घेऊन आलो. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, मोठ्या झालेल्या एकेकाला हजारेक लिटर पाणी लागतं. तीन आठवड्यांत चार गेले.

त्याच सुमारास मी मोबाइलची माहिती देणारं मराठी यूट्यूब चॅनेल काढलं होतं. तेही असंच, दुसऱ्याचं चमकताना बघून. फोन बाजारात येण्याआधीच ज्यांच्या हातात पडतो त्यांच्याशी माझी स्पर्धा होती, आणि माझ्याकडे होते रविवारचे चार तास. आठ महिन्यांत ते बंद केलं. म्हणून कुणी ‘कोणता निश, म्हणजे चॅनेलसाठी कोणता ठरावीक विषय, निवडू?’ असं विचारलं की मी आधी पाणी मोजायला सांगतो.

पाणी न मोजता मासा आणणं

निश हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत देवळी असायची तसा. देवळीत मावेल तेवढाच दिवा ठेवायचा असतो. आठवड्याला खरोखर किती तास मिळतात, खिशातून किती जाऊ शकतात, आणि आजूबाजूची माणसं आपणहून तुम्हाला काय विचारायला येतात, हे लिहून काढा. मग इंटरनेट बंद ठेवून त्या विषयावरचे वीस प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं तुम्ही स्वतः केलेल्या कामातून देऊ शकता. बाराव्या प्रश्नाला पेन अडलं तर पाणी कमी आहे.

गर्दी बघून विषयच सोडून देणं

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते आणि तिचं वाईटही जास्त वाटतं, कारण चांगली जाणकार माणसं तिच्यापायी गप्प बसतात. मत्स्यशेती करणारे कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, एकाच तळ्यात सोडतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळातलं वेचतो. पाणी एकच, पण ताटं वेगळी.

मॉस्कोतल्या गॉझ या जीवशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हेच काचेच्या नळीत दाखवलं. पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच अन्नावर ठेवल्या तेव्हा एक संपली. पण तळाशी खाणारी जात वर खाणाऱ्या जातीसोबत ठेवली तेव्हा दोन्ही टिकल्या.

माझंच उदाहरण देतो. मोबाइलनंतर मी माशांवर बोलायला लागलो तेव्हा ‘सर्वांत सुंदर दहा मासे’ छापाचे व्हिडिओ ढिगाने होते. फिल्टर कसा बसवायचा हेही बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. पण ‘बोअरचं पाणी भरलं की मासे का मरतात?’ हा प्रश्न हिंदी व्हिडिओंच्या खाली लोक मराठीत विचारत होते आणि उत्तर कुणी देत नव्हतं. तो माझा तळाचा थर. २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली आहे. त्यांच्या परसातले, शेतातले, गच्चीवरचे कितीतरी प्रश्न असे पडून आहेत.

शोधायचं कसं? यूट्यूबच्या शोधपट्टीत विषयाचे पहिले दोन शब्द टाका आणि पुढे काय सुचवलं जातं ते बघा. लोक काय, कधी शोधतात ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून वर्षभराचा आलेख बघा. मात्र रिकामा थर दिसला म्हणजे तिथे खाद्य असेलच असं नाही. महिनाभर शोधूनही कुणी विचारताना सापडलं नाही, तर तो थर सोडून द्या.

पहिल्याच दिवशी तळं भरणं

नव्या तळ्यात माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, फिल्टरवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर पाणी नितळ दिसलं तरी विषारी असू शकतं. आधी चार-पाच गप्पी सोडायचे, खाद्य चिमटीने घालायचं. ऑनलाइनही तसंच: पहिल्या आठवड्यात वीस व्हिडिओ टाकून दमण्यापेक्षा आठवड्याला एक टाका आणि लोक काय विचारतात ते वहीत टिपा.

पाणी हिरवं झालं की सगळं उपसणं

एप्रिलमध्ये माझं तळं हिरवंगार झालं. एका पहाटे साडेपाचला परसात गेलो तर उरलेले मासे पृष्ठभागावर तोंडं काढून चुपचुप करत होते. शेवाळ रात्री प्राणवायू खातं, त्यामुळे उजाडण्याआधी तो सर्वांत कमी असतो. मी घाबरून सगळं पाणी उपसलं, दगड घासले आणि थेट बोअरचं पाणी भरलं. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, आणि जिवाणू तर मी घासूनच टाकले होते. दुपारपर्यंत एकही मासा उरला नाही.

त्या वेळी पाव हिस्सा पाणी बदलायला हवं होतं, तेही उंचावरून धार पाडत. खाद्य थांबवून वर थोडी सावली करायला हवी होती. बघणारे वाढेनात म्हणून दर महिन्याला विषय बदलणारे लोक असंच तळं उपसत असतात. आधी फक्त शीर्षक बदला. पुढच्या महिन्यात लांबी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दुखणं कुठे आहे ते कळतं.

मांगूर सोडणं

थाई मांगूर भराभर वाढतो, कशातही जगतो आणि बाकीचे मासे खातो. भारतात त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. सणांच्या शुभेच्छा आणि अफवांचे छोटे व्हिडिओ चॅनेलवर हेच करतात. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी लागणारे १,००० सबस्क्राइबर त्यातून पटकन जमतीलही, पण तासाभराच्या कामाचा व्हिडिओ त्यातले कितीजण बघतील? लांब व्हिडिओंच्या वाटेने जायचं तर वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइमही (लोकांनी बघण्यात घालवलेला वेळ) लागतो, आणि तो थांबून बघणाऱ्यांकडूनच येतो.

उघडं तळं

ढोकरी, म्हणजे तळ्याकाठचा छोटा बगळा, तासन् तास काठावर निश्चल उभी राहते आणि एका झडपेत मासा उचलते. तळ्यावर जाळी ताणा. ज्या मंचावर तुम्ही आहात त्याचे नियम रातोरात बदलू शकतात, तेव्हा मूळ व्हिडिओ स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि नेहमीच्या प्रेक्षकांचे ईमेल त्यांना विचारून आजपासूनच जमवायला लागा.