पत्र्याचा जुना रोबो घेताना आधी सेलचा कप्पा उघडा

जुन्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर पत्र्याचा खेळण्यातला रोबो हाती लागला, की त्याच्या चेहऱ्यावर भाळू नका, आधी सेलचा कप्पा उघडा. १९५०-६० च्या दशकांतल्या बॅटरीवरच्या अनेक जपानी रोबोंमध्ये तो पायांत असतो. टॉर्च मारून बघा. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या नुसत्या काळवंडल्या असतील तर काम होण्यासारखं आहे. गंजाने पत्र्याला भोक पडलं असेल तर सोडून द्या.

मग पाठीवर, पायाखाली जपानी कंपनीचा इंग्रजी अक्षरांतला शिक्का शोधा. एसएच म्हणजे होरिकावा, टीएन म्हणजे नोमुरा, केओ म्हणजे योशिया. 'मेड इन चायना' दिसलं तर ती बहुधा नंतरची नक्कल. मूळ रंग बहुतेकदा पत्र्यावरच छापलेला असतो, बोट फिरवलं तर सपाट लागतो. मध्येच थर जाणवला, तर तिथे कुणीतरी ब्रश फिरवलाय. मूळ खोका मिळत असेल तर फाटका का असेना, घ्या.

चालवून बघायला नवे सेल खिशात ठेवा. मोटर घुमते पण पाय हलत नाहीत, म्हणजे ग्रीस सुकलंय किंवा दातेरी चाक सटकतंय. हाताने पाय ओढू नका, दाते मोडतात. काहीच आवाज नसेल तर दोष बऱ्याचदा पट्टीवरच्या गंजाचाच.

अल्कलाइन सेल फुटून साचलेली पांढरी पूड कापसाच्या इयरबडवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन निघते. जुन्या जस्त-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, तिला पाण्यात कालवलेला खायचा सोडा लागतो. नंतर ओल्या बडने पुसून लगेच कोरडं करा, पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासा. यातलं काहीही बाहेरच्या छपाईला लागू देऊ नका. थिनर तर घरातसुद्धा जवळ नको. पुसला गेलेला चेहरा परत येत नाही. अंग जोडणाऱ्या पत्र्याच्या जिभा दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात, म्हणून गरज नसेल तर रोबो उघडूच नका.

पावसाळ्यात सेल काढून ठेवा. महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत बंद काचेच्या कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल हवंच. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. सांगलीत कृष्णाकाठी राहत असाल तर २०१९ चा पूर आठवा आणि कपाट वरच्या मजल्यावर न्या. पुराचं पाणी शिरलंच, तर गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुऊन निथळवा आणि पंख्याखाली ठेवा. आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत सेल घालू नका.