विक्रीखतातल्या अटी पाळून घेताना सोसायट्यांनी या चुका टाळाव्यात

गोव्यातल्या पर्वरीतील आमच्या सोसायटीत एका सभासदाने पावसाळ्याच्या तोंडावर बाल्कनीवर पत्र्याची शेड घातली. विक्रीखतात दर्शनी भाग बदलण्यास स्पष्ट मनाई असूनही तेव्हा मी सचिव असलेल्या समितीने ‘पाऊस सरला की बघू’ म्हणून नोटीस लांबवली, आणि दोन पावसाळ्यांत आणखी चार शेड उभ्या राहिल्या. अखेर नोटीस गेली, तेव्हा प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: मग आम्हालाच का? एकाकडे कानाडोळा करून दुसऱ्यावर कारवाई करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण उशीर आणि भेदभाव हे दोन्ही मुद्दे मनाईहुकूम मागताना सोसायटीच्याच अंगावर येतात.

अट नेमकी कुठे लिहिली आहे, हे न पाहताच पत्र धाडणे हीदेखील नेहमीची चूक आहे. नोंदणीकृत विक्रीखत, मंजूर उपविधी (सोसायटीची नियमावली) आणि सूचनाफलकावरचा कागद यांचे वजन सारखे नसते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४० नुसार ‘अमुक करू नये’ अशी अट, ती ठाऊक असताना फ्लॅट घेणाऱ्या पुढच्या खरेदीदाराविरुद्धही बजावता येते; मात्र खर्चाचा वाटा देण्यासारखी जबाबदारी त्याच्यावर आपोआप येईल असे धरून चालू नये. म्हणून सभासदत्व देतानाच उपविधी मान्य असल्याची सही घ्यावी.

फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यावरून आता जागोजागी वाद होतात. पर्यटन खात्याकडची नोंदणी विक्रीखतातल्या अटीतून सूट देत नाही; पण ‘केवळ निवासी वापर’ एवढ्याच शब्दांवर विसंबल्यास अर्थावरून वाद होतो. तेव्हा अल्पमुदतीच्या भाड्याबाबतचा नियम सर्वसाधारण सभेत ठरवून उपविधींत दुरुस्ती करावी आणि ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवावी.

नोटीस एकाच नावाने पाठवू नये. गोव्यात विवाहाच्या वेळी वेगळा करार नसेल, तर मालमत्तेत सहसा पती-पत्नी दोघांचाही हक्क असतो. उपविधींत नसलेला दंड मेंटेनन्सच्या बिलात जोडणे आणि पाणी तोडणे हे तर पूर्णपणे टाळावे. सभासदाची चूक बाजूला राहते आणि उत्तर सोसायटीला द्यावे लागते. समजुतीने प्रश्न सुटला नाही, तर गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली निबंधकांपुढे वाद दाखल करण्याचा मार्ग आहे.

तिथे उपयोगी पडते ते इतिवृत्त. आमच्या वहीत ‘बाल्कनीविषयी चर्चा झाली’ एवढेच होते. फ्लॅटचा क्रमांक, विक्रीखतातले कलम, तारखेसह छायाचित्र, सभासदाचे म्हणणे आणि ठरावाची मुदत यांपैकी काहीच त्यात नव्हते.