माग थांबला की भीती सुरू: साडेतीन हजारांत हॉरर ट्रेलर

हॉरर ट्रेलरची आखणी कॅमेऱ्यापासून सुरू केली की पैसेही जातात आणि रात्रीही. सुरुवात आवाजापासून करा. कमी खर्चात चित्र थोडं कच्चं राहणारच, पण ते अंधारात खपून जातं. कच्चा आवाज पहिल्या पाच सेकंदांत उघडा पडतो. सोलापुरात तर आवाजाचं भांडवल फुकटात पडलंय: पॉवरलूम, म्हणजे विजेवर चालणारे माग. साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा (आडवा धागा नेणारा तुकडा) फेकतो. ती खटखट प्रेक्षकाच्या कानात एकदा बसली की तिच्या ठेक्यावर कट मारता येतात. मग ती मध्येच थांबवली, की दचकवायला वेगळं भूत आणावं लागत नाही.

गोष्टही त्याच अंगाने निवडा. समजा, रात्री कुलूपबंद कारखान्यात एकच माग आपोआप चालू होतो. पात्रं दोन, जागा एक, संवाद एक: "माग कुणी चालू केला बे?" याच्यापुढे बोलत बसलात तर ट्रेलरची एकांकिका होते.

लांबी ७५ सेकंद ठेवा आणि कागदावर आधी वेळ वाटून घ्या. पहिली २० सेकंदं पाच शॉट, प्रत्येकी चार सेकंदांचे: कुलूप, बंद माग, बीमवरचा (मागाच्या रुळावरचा) सुताचा ताणा, दाराची फट, चेहरा. पुढच्या २५ सेकंदांत दहा शॉट, त्यानंतर १५ सेकंदांत पंधरा. इथे खटखट पूर्ण चढलेली असते. साठाव्या सेकंदाला सगळं बंद. आठ सेकंद शांतता आणि एकच स्थिर शॉट. शेवटची सात सेकंदं शीर्षकाला. एकूण ३१ शॉट झाले. एका लाइटिंगला वीसेक मिनिटं धरली तर संध्याकाळी सात ते साडेदहात दहा-अकरा मांडण्या होतात, म्हणजे दोन संध्याकाळी पुरतात. पण त्यासाठी शॉट गोष्टीच्या क्रमाने न घेता उजेडाच्या दिशेने घ्या. खिडकीकडे तोंड असलेले सगळे एकदम, मग उलट बाजूचे.

मागाचा आवाज टिपताना हमखास एक चूक होते. फोन मागाशेजारी ठेवतात. चालू कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, फोनचा माइक फाटतो आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये शिवता येत नाही. दाराबाहेर दहा-पंधरा फुटांवर उभं राहा, गेन (माइक आवाज किती उचलतो ते) हाताने कमी करता येणारं रेकॉर्डिंग ॲप वापरा आणि फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, ४८ किलोहर्ट्झमध्ये ठेवा. ऑटो गेन असेल तर माग थांबल्यावर फोन आपणहून आवाज वर ओढतो आणि नेमक्या शांततेत 'सूंऽऽ' ऐकू येतं. रिकाम्या कारखान्याची ३० सेकंदांची नुसती शांतताही वेगळी टिपून ठेवा. कट जोडताना खाली तीच अंथरायची. हाडं मोडल्याचा आवाज हवा असेल तर कडक भाकरी माइकपासून वीतभर अंतरावर मोडा. ताजी चालत नाही, चांगली वाळलेली हवी.

आता कॅमेरा. फोन चालेल, पण ऑटोवर नको. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोनने १/६० धरलं की चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) शक्यतो ८०० च्या आत ठेवा, नाहीतर अंधारात चित्रावर मुंग्यांसारखे ठिपके येतात. फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो.

उजेडाला नऊ वॉटचे दोन एलईडी बल्ब आणि बटर पेपर पुरेसा आहे. बल्ब माणसासमोर कधीच नको, मागून किंवा बाजूने. समोरून लावला की चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसतो. भुताला पांढरी साडी देऊ नका. फोनवर ती जळून नुसता पांढरा ठिपका उरतो, शिवाय आता तिला कुणी घाबरतही नाही. गडद रंगाची सोलापुरी चादर डोक्यावरून ओढलेला माणूस मागाच्या पलीकडे उभा करा आणि पाठीमागे एक बल्ब. नुसती कड दिसली तरी काम झालं.

रक्तासाठी अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज, दोन चमचे पाणी, पाव चमचा खाण्याचा लाल रंग आणि अर्धा चमचा कोको. कोको नसेल तर एलईडीखाली ते रोझ सरबत दिसतं. कुंकू वापरू नका, कपड्यावरून आणि बोटांवरून निघत नाही.

जागेबद्दल. भुईकोट किल्ला सगळ्यांच्या मनात पहिला येतो, पण ते पुरातत्त्व खात्याकडचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय शूटिंगचा बेत करू नका. रेल्वेच्या हद्दीचंही तेच. ओळखीच्या मालकाचा कारखाना साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मागा आणि दोन ओळींची लेखी संमती घ्या. आत धूप, अगरबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही. जमिनीवर आणि मागांवर कापसाचं तूस साचलेलं असतं, ठिणगीने भडकतं. चालता माग दाखवायचा असेल तर तो कामगारच चालवेल. ओढणी आणि मोकळे केस पट्ट्यापासून लांब. एप्रिल-मे टाळा. पारा चाळीशीच्या वर असताना पत्र्याखाली फोन तापतो आणि रेकॉर्डिंग बंद पाडतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर परिसराजवळ आवाज टिपायला जाऊ नका. लाउडस्पीकर कुठूनही घुसतो.

खर्च सात जणांचा: चहा-नाश्ता-जेवण १,५००, बल्ब-वायर-काळं कापड ९००, मेकअप ३००, पेट्रोल ४००, हाताशी ४००. जेवणात काटकसर केली की दुसऱ्या संध्याकाळी निम्मेच येतात.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फोनचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या. शीर्षक पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून वेगळं बनवा, कारण काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात. शेवटी ट्रेलर हेडफोनवर नको, साध्या फोनच्या स्पीकरवर ऐका. छोट्या स्पीकरला खालच्या पट्टीतला धमाका पेलत नाही, तो गायबच होतो. तसं झालं तर त्याच क्षणी धोट्याचा एक कोरडा 'खट्' वरून जोडा.