जुनी ब्रेकडाउन क्रेन जपायची तर आधी पाण्याची वाट शोधा

संग्रहालयात उभी केलेली रेल्वेची वाफेची क्रेन नुसत्या रंगाने वाचत नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण बहुतेक ठिकाणी मला एकच प्रकार दिसतो. २६ जानेवारी जवळ आली की जिबला (क्रेनच्या लांब भुजेला) चंदेरी, अंगाला काळा आणि हुकाला पिवळा हात मारायचा. बाहेरून क्रेन लखलखते आणि आत प्लेटांच्या जोडात साचलेलं पाणी तिला खात राहतं. मी भुसावळकडे ब्रेकडाउन गँगमध्ये नोकरी काढली. हूटर वाजला की ताटावरून उठून धावायचं, हे आमचं आयुष्य होतं. घसरलेले डबे रुळावर घेणारं हे यंत्र कुणी मनापासून सांभाळणार असेल, तर त्याला माझ्याजवळ आहे ते सगळं द्यायचं आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच वाफेच्या क्रेन इंग्लंडहून आल्या. कार्लाइलची कौअन्स शेल्डन आणि इप्सविचची रॅन्सम्स अँड रेपियर ही दोन नावं पितळी पाट्यांवर हमखास सापडतात. खरी पाटी आधी काढून कुलपात ठेवा आणि क्रेनवर तिची नक्कल लावा. पितळ चोरीला जातंच. जिबजवळची दुसरी पाटी, किती त्रिज्येवर किती टन उचलायचे ते सांगणारी, तीही तितकीच मोलाची. ती रंगाखाली बुजवू नका.

क्रेन म्हणजे एकटं वाहन नव्हे. तिच्यासोबत जिबखाली चालणारा मॅच ट्रक (रुळावरचा उघडा डबा) असतो, साखळ्या, स्लिंगा, शॅकल असतात, आउटरिगरखाली (क्रेन उलटू नये म्हणून बाजूंना काढायच्या आडव्या पायांखाली) द्यायच्या लाकडी स्लीपरची पॅकिंग असते. काही मोठ्या क्रेनना दोन्ही टोकांना रिलीव्हिंग बोगी, म्हणजे भार वाटून घेणाऱ्या सुट्या चाकगाड्या, असतात. रॅन्सम्स अँड रेपियरच्या विल्फ्रेड स्टोक्सने १९०४च्या सुमारास ही युक्ती काढली: प्रवासात क्रेनचं काही वजन या बोगींवर टाकायचं म्हणजे पुलांवर आणि रुळांवर कमी भार येतो, आणि कामाच्या जागी पोहोचलं की त्या सोडून बाजूला घ्यायच्या. (पहिल्या महायुद्धातली स्टोक्स मॉर्टर ही उखळी तोफही याच माणसाची.) क्रेन ताब्यात घेताना हे सगळं मागून घ्या. मॅच ट्रक एकदा भंगारात गेला की परत मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय जिब टेकवायची कुठे हा प्रश्न कायमचा उरतो.

जिब टेकवायचीच. पाहुण्यांना रुबाबदार दिसावी म्हणून ती उंच उभारून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. तसं केलं की सगळा भार जुन्या वायर रोपवर (पोलादी दोरावर), ड्रमवर आणि एका खिट्टीवर राहतो, तोही वर्षानुवर्षं, आणि खाली शाळेची मुलं फिरत असतात. जिब मॅच ट्रकच्या टेकूवर घ्या आणि रोप सैल करा. उभीच दाखवायची असेल तर इंजिनीअरकडून हिशेब करून घेऊन पोलादी आधार द्या, म्हणजे रोप नुसता दिसायला राहील.

खालचा रूळही तपासा. एवढं वजन एका जागी उभं राहिलं की काळ्या मातीत स्लीपर दर पावसाळ्यात थोडे थोडे बसतात आणि क्रेन एका अंगाला कलते. खडी पुरेशी हवी आणि दोन्ही बाजूंना गटार हवं.

आता मुख्य काम. मे महिन्याच्या अखेरीस एक बादली पाणी घ्या, वरून एकेका जागी ओता आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघा. जिबच्या बुडाशी, जिथे प्लेटा आणि अँगल एकत्र येतात, तिथे पाणी थांबतं. काउंटरवेटच्या (तोल सांभाळणाऱ्या वजनाच्या) मागच्या पोकळीत, कोळशाच्या बंकरच्या तळाला, खालच्या सांगाड्याच्या गर्डरमध्ये, आउटरिगरच्या खोबणीत थांबतं. बहुतेक जागी निचऱ्याचं भोक मुळात असतंच, पण रंगाचे थर, ग्रीस आणि निंबाची पानं यांनी ते बुजलेलं असतं. सळईने मोकळं करा. भोक नसेलच तर सर्वांत खालच्या बिंदूला पेन्सिलीएवढं पाडा आणि तारखेसह रजिस्टरला नोंदवा. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर ओढू नका, मुळासकट जोड उचकटतो. बुडाशी कापा आणि उरलेलं मूळ हळूहळू मारा.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन प्लेटांच्या मध्ये तो फुगला की पाचर ठोकल्यासारख्या प्लेटा दूर होतात आणि रिव्हेटची डोकी उडतात. छोट्या हातोडीने एकेक रिव्हेट वाजवा, दुसऱ्या बाजूला बोट ठेवून. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला किंवा बोटाला हलल्याचं जाणवलं तर खडूने खूण करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण क्रेनची खरी तब्येत यातूनच कळते. सैल रिव्हेट वेल्डिंगने भरू नका. शक्य असेल तर नवा रिव्हेट मारा, नाहीतर नीट बसणारा बोल्ट लावा आणि तो बोल्ट आहे हे लपवू नका.

बॉयलरमध्ये राख कधीही ठेवायची नाही. राख आणि काजळीला ओल लागली की आम्ल तयार होतं आणि फायरबॉक्सच्या (भट्टीच्या) प्लेटा पोखरल्या जातात. ट्यूब, स्मोकबॉक्स, राखेचा खण, सगळं खरवडून कोरडं करा आणि चिमणीवर टोपी बसवा. पाण्याच्या बाजूचे प्लग उघडून आतला क्षार धुवून काढा, गरम हवेने पूर्ण सुकवा, कळीच्या चुन्याचे ट्रे आत ठेवा आणि सगळं बंद करा. ट्रे अर्धेच भरा, चुना ओल शोषून फुगतो. डोळ्यांना चष्मा हवाच. बाहेर ठळक पाटी लावा: आत चुना आहे, पाणी भरू नये, विस्तव करू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर चुना बदला. बॉयलरवरच्या पत्र्याखालचं जुनं आवरण मात्र स्वतः उचकटू नका. ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, तिथे प्रशिक्षित माणसंच लागतात.

रंगाला हात आता लावायचा. जुन्या थरांत शिशाचा शेंदूर असण्याची शक्यता मोठी, म्हणून ग्राइंडर चालवून धूळ उडवू नका. ओलं घासा, मास्क लावा, खरवडलेले पोपडे गोळा करा. त्याआधी काही जागी तळहाताएवढी खिडकी थर-थर सोलून पाहा. खाली जुन्या रेल्वेची अक्षरं, शेडचं नाव, टनांचा आकडा निघू शकतो. ती खिडकी तशीच जपा. गिअरचे दात, पिस्टन रॉड, ड्रम, रोप यांना रंग कधीच नको. जुनं ग्रीस काढा, कारण त्याखाली पाणी दडतं, आणि नवा पातळ थर द्या. वर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. चारी बाजू मोकळ्या असलेली पत्र्याची शेड मिळाली तर रंगाचा निम्मा खर्च वाचेल.

लोक विचारतात, ती पुन्हा वाफेवर चालवता येईल का? बॉयलर तपासनीसाने पत्र्याची जाडी मोजून, पाण्याच्या दाबाची चाचणी घेऊन लेखी मान्यता दिली तरच, आणि तेव्हाही वजन उचलून दाखवायचं नाही. तोपर्यंत एक चांगला मार्ग आहे. इंजिन साफ करून तेल द्या, गिअर जोडणीतून सोडवा, जिब टेकूवर बांधलेली असू द्या आणि कॉम्प्रेसरच्या कमी दाबाच्या हवेवर इंजिन सावकाश फिरवा. क्रँक फिरताना मुलांना दिसतो, पिस्टनही गंजून धरत नाहीत. त्या दिवशी जवळपासच्या जुन्या गँगवाल्यांना बोलवा. हाताचे इशारे, स्लिंग कुठे बांधायची, पॅकिंग कशी रचायची, हे त्यांच्याकडून करून घ्या आणि त्याचं चित्रीकरण करा.