सजीव देखावा कुठे फसतो? सीमाभागातल्या मंडळांनी टाळाव्यात अशा चुका

वैशाखातल्या शिवजयंतीची चाहूल लागली की बेळगावातल्या गल्ल्यांमधून एकच चर्चा असते, यंदा चित्ररथावर विषय काय घ्यायचा? उत्तरंही बहुधा ठरलेली. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक. हे प्रसंग मोठेच आहेत, ते दाखवलेच पाहिजेत. पण काकती, बैलहोंगल, नंदगड, हलशी ही गावं तास-दीड तासावर असताना त्यांचा इतिहास ट्रॉलीवर क्वचितच चढतो, आणि चढला तरी टीव्हीवरच्या मालिकेचे कपडे घालून चढतो. गल्लीतली पोरं पंधरा-पंधरा रात्री जागून काम करतात. त्या मेहनतीला न्याय मिळावा म्हणून हे लिहितोय.

देखावा फसतो तेव्हा दोष सहसा पैशाच्या कमतरतेचा नसतो. तो प्रसंग नेमका कुठल्या दिवशीचा आणि कुठल्या जागेचा, हेच ठरलेलं नसतं. बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच येतात.

विषय ठरतो, दिवस ठरत नाही

टिळकवाडीत १९२४ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, त्यामुळे शाळांची स्नेहसंमेलनं आणि मंडळांच्या देखाव्यांना हा विषय आवडतो. मग होतं काय? हातात उंच काठी घेतलेला, वाकलेला, पार म्हातारा गांधी उभा राहतो. मागे अशोकचक्राचा तिरंगा. पुढे छोट्या पेटीतला चरखा. वर फलक, ‘बेळगाव १९२४’.

यातली एकही गोष्ट १९२४ ची नाही. काठी घेऊन चाललेले गांधीजी आपल्या डोळ्यांसमोर आहेत ते १९३० च्या दांडीयात्रेतले. बेळगावला आले तेव्हा ते ५५ वर्षांचे होते आणि दोनच महिन्यांपूर्वी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास करून उठलेले होते. म्हणजे अंगाने वाळलेला, पण ताठ बसणारा माणूस हवा. पंचा बरोबर आहे, तो त्यांनी १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारला होता. पेटीचरखा येरवड्याच्या तुरुंगातल्या प्रयोगांतून आला, साधारण १९३० च्या सुमाराचा. १९२४ साठी मोठ्या चाकाचा उभा चरखाच लागतो, आणि तो थर्माकोलमध्ये करायला उलट सोपा आहे. झेंडा तेव्हा पांढरा, हिरवा आणि खाली लाल असा होता, मधोमध चरखा. अशोकचक्राचा झेंडा स्वीकारला गेला २२ जुलै १९४७ ला.

एवढं दुरुस्त केलं की देखावा वेगळाच दिसू लागतो, कारण लोक थांबून विचारतात, “हा झेंडा असा का?” आणि सांगायला तोंड उघडतं. त्या अधिवेशनाचा सगळा भार पेलणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे शेजारी उभे करा. अधिवेशनात गाणारी लहानगी गंगूबाई हनगल दाखवा, गल्लीतल्या गाणाऱ्या मुलीला काम मिळेल. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही जागेवर आहे. गांधीजींपेक्षा ती विहीर मध्यभागी ठेवून केलेला देखावा जास्त बोलेल, असं मला मनापासून वाटतं. रहाट, घागरी, खादीतले स्वयंसेवक, एवढ्यावर अख्खी ट्रॉली भरते.

चेहरा दुसऱ्याच राणीचा

कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचा जन्म काकतीचा, १७७८ चा. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ठॅकरे कित्तूरच्या लढाईत पडला २३ ऑक्टोबर १८२४ रोजी. म्हणजे राणी त्या वेळी ४६ वर्षांच्या होत्या. आपल्या देखाव्यात मात्र कॉलेजातली मुलगी घोड्यावर बसते, आणि पुष्कळदा पाठीला बाळ बांधलेलं असतं. ते बाळ झाशीचं आहे. राजाराम-शिवाजी महाराजांचे कपडे एकमेकांना चालतात तसं राण्यांचं चालत नाही. गल्लीतल्या एखाद्या पन्नाशीच्या काकूंना विचारा. त्या आधी लाजतील, पण एकदा उभ्या राहिल्या की गर्दी हलणार नाही.

ठॅकरेला बेळगावचा कलेक्टर म्हणू नका. तो धारवाडचा कलेक्टर होता. बेळगाव जिल्हा वेगळा झाला १८३६ मध्ये. कंपनीच्या शिपायांना खाकी घालू नका. खाकी त्यानंतर वीसेक वर्षांनी आली. लाल कोट शिवा, तेवढ्याने इंग्रज ओळखू येतो.

कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं. बहुतेक देखावे फाशीचाच क्षण पकडतात. लहान मुलांपुढे दोरखंड आणि लटकता माणूस दाखवावा का, हा एक प्रश्न, आणि गळ्याभोवती खरा फास घालणं तर कुठल्याच परिस्थितीत नको, गाठ खोटी असली तरी नको. रायण्णा शेतसनदी होते, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन मिळालेले शिपाई. शेतसनदीची जमीन गेली म्हणजे काय गेलं, हे शेतकऱ्याच्या गावात दाखवलं तर कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आजचा नकाशा लावून कालची गोष्ट

प्रदर्शनात ही चूक हमखास दिसते. १९५६ च्या फलकावर ‘कर्नाटक’ लिहिलेलं असतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून गेलं ते म्हैसूर राज्यात. कर्नाटक हे नाव १९७३ चं. आज बेळगावातच असलेलं शहापूर तर सांगली संस्थानात होतं. तेव्हाच्या शहापूरचा प्रसंग करताना पोलीस कुणाचा, कचेरी कुणाची, कागदावर शिक्का कुणाचा, हे आधी विचारून घ्या.

ऐकलेलं आणि कागदावरचं एकाच रंगात

शिवाजी महाराजांच्या फौजेशी लढलेल्या बेळवडीच्या मल्लम्मांचा प्रसंग आपल्याकडे दोन्ही भाषांत सांगितला जातो आणि प्रत्येक गावात थोडा वेगळा. १६७८ सालच्या इंग्रज वखारीच्या पत्रात एका देसाईण बाईचा किल्ला घेणं महाराजांना जड जात असल्याचा उल्लेख आहे. हे समकालीन. पुढची भेट, सन्मान, बाळाला दूध पाजण्याची कथा, धारवाडजवळच्या यादवाडच्या शिल्पाशी जोडलेली आठवण, हे सगळं लोकांनी जपलेलं. दोन्ही दाखवावं. फक्त फलक दोन रंगांत करा, एक ‘कागदात सापडतं ते’, दुसरा ‘गावात सांगतात ते’. यामुळे वाद मिटतातच असं नाही, पण वाद घालणारा माणूस माहिती घेऊन येतो आणि पुढच्या वर्षी तोच मदतीला असतो.

फलक मराठीबरोबर कन्नडमध्येही हवा. परवानगीच्या वेळी तो उपयोगी पडतो, हे तर आहेच. पण माझं कारण वेगळं आहे. चेन्नम्मा, रायण्णा, मल्लम्मा यांच्यावर शेजारच्या कन्नड घरातल्या आजीला जेवढं माहीत असतं तेवढं आपल्या मंडळातल्या कुणाला नसतं. तिला वाचता आलं तर ती चुका सांगेल. भाषांतर मोबाइलवरून उचलू नका, शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

जुन्या वस्तूंचे हाल

प्रदर्शनासाठी घराघरांतून मोडी कागद, फोटो, तांब्या-पितळेची भांडी, आजीची खण-इरकल येते. आणि मग चांगल्या हेतूने नासधूस होते. फाटका फोटो सेलोटेपने चिकटवतात. काही वर्षांत तिथे पिवळा डाग कायमचा बसतो. मोडी कागद लॅमिनेट करतात. तो पुन्हा कधीच बाहेर काढता येत नाही. भांडी चिंचेने घासून चकाचक करतात आणि त्यावर ठोकलेलं नाव पुसट होतं. जुनी साडी खिळ्याला टांगली की घडीवर फाटते, ती सपाट मांडा, खाली धुतलेलं सुती कापड घाला.

कागदाची रंगीत झेरॉक्स मांडा, मूळ कागद मालकाच्या घरीच राहू द्या. वस्तू घेताना मालकासमोर मोबाइलवर फोटो काढा, वहीत नोंद करा, सही घ्या. नात्यातल्या घरातूनही सही घ्या.

खानापूर तालुक्यात आणि आजूबाजूच्या गावांत देवळापाशी, बांधाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, दिसतात. ते प्रदर्शनासाठी उचलून आणू नका आणि ऑइलपेंटने रंगवू तर मुळीच नका. जागेवरून हलवलेला वीरगळ निम्मं बोलणं गमावतो. फोटो मोठा करून लावा आणि खाली वाट लिहा, लोक जाऊन बघतील. किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली दुसरी कुठलीही वास्तू असेल, तर तिथे प्रसंग करण्याआधी खात्याची लेखी परवानगी लागते. तोंडी ‘हो’वर मंडप आणू नका.

आणखी एक. जिवंत माणसं असताना सोंग कशाला? निपाणीची विडी कामगार बाई सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानाची विडी कशी वळते, हे तिच्यासारखं कुठलीही नटी दाखवू शकणार नाही. वडगाव-खासबागच्या विणकरालाही असंच बोलवा. त्यांना मानधन द्या, पाहुणा म्हणून बसवा, आणि प्रश्न विचारण्याआधी त्यांना काय सांगायचंय ते ऐका.

मिरवणुकीत ऐनवेळी येणाऱ्या अडचणी

संवाद ऐकू येत नाहीत: पुढच्या-मागच्या ट्रॉलीचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा असणारच. प्रसंग आवाज बंद करून समजतो का, हे गल्लीतल्या पाच लहान मुलांवर आधी तपासा. एक हालचाल, एक वस्तू, एक फलक. संवादांची लांबी एका मिनिटाच्या आत.

पात्रं थकतात, चक्कर येते: रात्रभर एकच पोरगा उभा नको. प्रत्येक भूमिकेला दोघं, तासाला बदल. सिंहासनामागे लपवलेलं स्टूल, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पुतळा दिसावा म्हणून चांदीचा किंवा दारं रंगवायचा रंग अंगाला फासू नका. चेहऱ्याच्या मेकअपचाच रंग आणा आणि आदल्या दिवशी हातावर लावून बघा.

वायर आडव्या येतात: देखाव्याची उंची जमिनीपासून, ट्रॉलीसकट, छत्र आणि झेंड्यासकट मोजा. त्या मापाने मार्ग दिवसा चालून बघा आणि अडचणीच्या जागा वीज कंपनीला, हेस्कॉमला, आधीच कळवा. ऐनवेळी बांबूने वायर उचलायला कुणालाही वर चढवू नका. छत्र मोडलं तर मोडू द्या.

वळीव येतो: वैशाखात तो येणारच. पुठ्ठा आणि पोस्टर कलरवर सगळा किल्ला उभा असेल तर पाच मिनिटांत चिखल होतो. प्लायवर ऑइलपेंट वापरा, जनरेटर आणि वायरींच्या जोडांवर झाकण ठेवा, आणि पाऊस लागला की पहिल्यांदा वीज बंद करून मुलांना खाली उतरवा, सामान नंतर.

मिरवणूक संपल्यावर लोक झोपायला जातात आणि उसन्या वस्तू ट्रॉलीवर राहतात. त्या उतरवून घ्यायला दोन माणसं अशी ठेवा ज्यांना त्या रात्री दुसरं काहीच काम दिलेलं नाही. वही त्यांच्याच हातात असू द्या, आणि वस्तू घरी पोचली की मालकाची दुसरी सही.