पहिल्या वर्षाची मधपेटी आणि हिवाळ्याची पूर्वतयारी

परसात मधपेटी ठेवून ज्यांचे पहिलेच वर्ष आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हिवाळ्याची तयारी म्हणजे थंडी पडू लागली की पेटीभोवती काहीतरी गुंडाळणे, असे वाटते. हे गुंडाळणे कामांच्या यादीत अगदी शेवटी येते आणि सौम्य हिवाळ्यात त्याची गरजही पडत नाही. वसाहत तगेल की नाही हे ठरवणारी कामे उन्हाळा ओसरू लागताच, म्हणजे दव गोठू लागण्याच्या दोन-तीन महिने आधी करावी लागतात. पुढील सल्ला मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीच्या माश्या आणि लँगस्ट्रॉथ पद्धतीची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या चौकटींवर पोळी असलेली, पेटी गृहीत धरून, तसेच जेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे माश्यांना बाहेर चारा मिळत नाही अशा हवामानासाठी दिला आहे.

कामाच्या हंगामातील कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. हंगामाच्या अखेरीस जन्मलेल्या माश्या मात्र चार ते सहा महिने जगू शकतात, कारण त्यांच्या शरीरात चरबी आणि प्रथिनांचा साठा अधिक असतो आणि पिलाव्याला, म्हणजे वाढत्या अळ्यांना, भरवण्यात तो लगेच खर्च होत नाही. तापमान सुमारे 14 अंश सेल्सियसच्या खाली गेले की या माश्या एकमेकींना बिलगून पुंजका करतात, पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात आणि त्यासाठी मध हे इंधन वापरतात. पुंजक्यात पिलावा असेल तर त्याच्या गाभ्याचे तापमान 34-35 अंशांच्या आसपास राखले जाते. पिलावा नसेल तेव्हा ते बरेच कमी ठेवून मध वाचवला जातो. माश्या फक्त आपला पुंजका उबदार ठेवतात, संपूर्ण पेटी तापवत नाहीत. त्यामुळे निरोगी, पुरेशी मोठी आणि पोटभर साठा असलेली वसाहत कडक थंडीही सोसते, आणि पुष्कळदा थंडीने मेली असे समजली जाणारी वसाहत खरे तर कोळी (माश्यांवर जगणारे बारीक परजीवी), उपासमार किंवा ओल यांमुळे संपलेली असते.

यांपैकी व्हरोआ कोळी सर्वांत घातक आहे. हा कोळी बंद पिलाव्यात, म्हणजे मेणाने झाकलेल्या कोषांत, वाढतो, प्रौढ माश्यांच्या शरीरातील चरबीच्या ऊतींवर पोसतो आणि पंख विकृत करणाऱ्या विषाणूसारखे रोग पसरवतो. ज्या चरबीच्या आधारे माशीने हिवाळा काढायचा, तीच तो खातो. उन्हाळ्यात पिलावा भरपूर असतो तोपर्यंत कोळ्यांची संख्या लपून राहते. पुढे राणी अंडी कमी घालू लागली की कमी होत चाललेल्या पिलाव्यावर वाढलेल्या कोळ्यांची गर्दी होते, आणि हा काळ नेमका दीर्घायुषी माश्या जन्माला येण्याचा असतो. म्हणून उशिरा केलेल्या उपचाराने कोळी मरतात खरे, पण तोवर हिवाळ्यातील माश्या दुबळ्या होऊन बसलेल्या असतात. पेटी माश्यांनी भरलेली दिसते, म्हणजे सारे ठीक आहे, या समाधानावर नवख्या मधपाळाने विसंबू नये.

कोळ्यांचा अंदाज डोळ्यांनी घेता येत नाही, तो मोजूनच घ्यावा लागतो. पिलाव्याच्या चौकटीवरून सुमारे 300 माश्या, म्हणजे साधारण अर्धा कप, बरणीत घ्याव्यात. त्याआधी राणी त्या चौकटीवर नाही याची दोनदा खात्री करावी. बरणीत अल्कोहोल ओतून मिनिटभर हलवले की कोळी सुटून तळाशी जमतात आणि जाळीतून गाळून मोजता येतात. शंभर माश्यांमागे दोन-तीन किंवा त्याहून अधिक कोळी आढळल्यास उपचार लांबणीवर टाकू नये. तीनशे माश्या मारणे नवख्याच्या जिवावर येते, परंतु हजारोंच्या वसाहतीला त्यांची उणीव जाणवत नाही. पिठीसाखरेत घोळवून कोळी मोजण्याच्या पद्धतीत माश्या जगतात, मात्र ती तुलनेने कमी अचूक असते.

उपचारासाठी मान्यताप्राप्त औषधच वापरावे आणि वेष्टनावरील सूचना अक्षरशः पाळाव्यात. थायमॉल आणि फॉर्मिक आम्ल यांचा परिणाम बाष्पावर अवलंबून असल्यामुळे त्यांना ठरावीक तापमान लागते: फार थंडीत ती निष्प्रभ ठरतात, तर कडक उन्हात फॉर्मिक आम्लाने राणी आणि पिलावा दगावण्याचा धोका असतो. ऑक्झॅलिक आम्ल बंद पिलाव्याच्या आत पोहोचत नाही, म्हणून पिलावा नसताना, भर हिवाळ्यात, ते सर्वाधिक गुणकारी ठरते. ही आम्ले हाताळताना हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखपट्टी अनिवार्य समजावी. माणसाने खायचा मध असलेली मधुकोठी (पेटीचा वरचा मजला) पेटीवर असताना कोणता उपचार चालतो आणि कोणता नाही, हेही औषधानुसार बदलते. उपचारानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी करावी, कारण शेजारच्या कोसळत्या वसाहतीची लूट करताना माश्या तिथले कोळीही घरी आणतात.

दुसरा प्रश्न साठ्याचा. दीर्घ आणि कडक हिवाळ्यासाठी एका वसाहतीला 25 ते 40 किलो, तर सौम्य हिवाळ्यासाठी 15 ते 20 किलो मध लागतो असे ढोबळमानाने धरावे. दोन्ही बाजूंनी मेणाने बंद झालेल्या पूर्ण खोलीच्या चौकटीत अडीच ते तीन किलो मध असतो, यावरून चौकटी मोजून हिशेब करता येतो. पेटी न उघडता अंदाज घ्यायचा असेल तर टांगत्या काट्याने आधी एक बाजू आणि मग समोरची बाजू किंचित उचलावी, दोन्ही आकड्यांची बेरीज करावी आणि त्यातून रिकामी पेटी, मेण व माश्या यांचे वजन वजा करावे. पहिल्या वर्षी वसाहतीला सगळी पोळी नव्याने बांधावी लागतात आणि मेण तयार करण्यात मकरंदाचा मोठा वाटा खर्च होतो. म्हणून या वर्षी मध काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एखादी चौकट काढण्याचा मोह झालाच, तर हिवाळ्याचा हिशेब पूर्ण झाल्यावरच ती काढावी.

साठा कमी भरत असेल तर साखरेचा दाट पाक द्यावा. दोन किलो पांढरी साखर एक लिटर गरम पाण्यात विरघळवावी. पाणी आधी उकळून आचेवरून उतरवावे आणि मग साखर घालावी, कारण साखर करपली तर तयार होणारे घटक माश्यांना अपायकारक असतात. गूळ किंवा तांबूस साखर वापरू नये, त्यांतील न पचणारे अंश हिवाळ्यात कोंडून राहिलेल्या माश्यांना हगवण लावतात. अज्ञात ठिकाणचा मधही देऊ नये, कारण अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू मधातून पसरतात आणि दशकानुदशके जिवंत राहतात. पाक संध्याकाळी, पेटीच्या आतील भांड्यातून द्यावा, थेंबही बाहेर सांडू देऊ नये आणि प्रवेशद्वार लहान ठेवावे. अन्यथा गांधीलमाश्या आणि इतर वसाहतींच्या माश्या लूट सुरू करतात व ती थांबवणे अवघड जाते. दिवसाचे तापमान 10-12 अंशांच्या वर टिकून आहे तोपर्यंतच पाक द्यावा. त्यानंतर माश्या तो नीट घेत नाहीत, आणि घेतलाच तर त्यातील पाणी आटवून पोळे बंद करणे त्यांना जमत नाही.

याच सुमारास शेवटची सविस्तर तपासणी करून राणी अंडी घालत आहे का आणि माश्या किती चौकटी व्यापतात, हे पाहावे. पाच चौकटींहून कमी माश्या असलेली वसाहत केवळ भरवून तगेल अशी आशा धरू नये. ती रोगमुक्त असेल तर बलवान वसाहतीत विलीन करावी: दुबळी राणी काढून टाकावी, दोन कोठ्यांच्या मध्ये बारीक चिरा पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवावा आणि माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा गंध एकमेकांत मिसळू द्यावा. दोन मरतुकड्या वसाहतींपेक्षा एक धडधाकट वसाहत बरी. नर माश्या दाराबाहेर हाकलल्या जात असल्याचे दिसल्यास घाबरू नये, हंगाम संपत आल्यावर तसे होतेच.

पेटी लावताना पिलावा खाली आणि मधाच्या चौकटी त्याच्या वर व दोन्ही कडांना असाव्यात, कारण पुंजका हिवाळ्यात हळूहळू वर सरकतो. राणीरोधक जाळी न विसरता काढावी. ती राहिल्यास कामकरी माश्या मधाच्या मागे वर जातात आणि राणी खाली एकटी गारठून मरते. रिकाम्या मधुकोठ्या उतरवून मेणकिड्यांपासून सुरक्षित ठेवाव्यात. मध जाळताना माश्या बरेच पाणी उत्सर्जित करतात. ते थंड झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने पुंजक्यावर पडले तर माश्या भिजून मरतात. म्हणून भिंतींपेक्षा आधी झाकणाखाली उष्णतारोधक थर द्यावा, हवामानानुसार वरच्या बाजूला लहान वायुछिद्र ठेवावे आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली असावी. प्रवेशद्वाराची उंची 8 मिलिमीटरच्या आसपास ठेवली किंवा त्यावर धातूची जाळीपट्टी लावली की उंदीर आत शिरत नाहीत. हे मात्र उंदीर आत घर करण्यापूर्वीच करावे. वाऱ्याला आडोसा द्यावा, झाकणावर वजन ठेवावे आणि पेटी जमिनीपासून उचललेली असावी.

थंडी स्थिरावल्यावर पेटी उघडू नये. भिंतीला कान लावून हलकी टिचकी मारली असता येणारी गुणगुण वसाहत जिवंत असल्याचे सांगते. निवळलेल्या, तुलनेने उबदार दुपारी माश्या शौचासाठी बाहेर पडतात, आणि दारापुढे काही मृत माश्या दिसणे स्वाभाविक आहे. त्यांचा ढीग आतून दार अडवत नाही ना, एवढे वाकड्या तारेने अधूनमधून साफ करून पाहावे.

सर्वाधिक दक्षता हिवाळा सरत असताना घ्यावी. राणी पुन्हा अंडी घालू लागते, गाभ्याचे तापमान वाढवावे लागते आणि बाहेर फूल नसताना मधाचा खप एकदम वाढतो. पेटी उचलून हलकी लागली तर आतील झाकणाखाली, थेट पुंजक्याच्या वर, साखरेची घट्ट वडी किंवा कागदावर किंचित ओलसर केलेली साखर झटपट ठेवून झाकण लावावे. पातळ पाक हवा उबदार झाल्यावरच द्यावा. एवढे करूनही वसाहत मेलेली आढळली तर प्रवेशद्वार तत्काळ बंद करावे, जेणेकरून उरलेला मध लुटला जाणार नाही. त्यानंतर पोळी तपासावीत: माश्या डोके खुपसून रिकाम्या कोषांत मेलेल्या असतील तर उपासमार संभवते, भरपूर मध शिल्लक असूनही मूठभरच माश्या उरल्या असतील तर कोळ्यांचा संशय घ्यावा, आणि खोलगट, भोके पडलेली झाकणे किंवा कोषांच्या तळाला चिकटलेले काळपट खपले दिसले तर ती पोळी दुसऱ्या वसाहतीला न देता फाउलब्रूडसाठी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावीत.